त्या कुत्र्याचा कान बघितलात?

पेरुंगुडीत चहाच्या टपरीपाशी झोपलेल्या कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापलेला दिसला, तर ती नसबंदीची खूण. सोबत रेबीजची लसही टोचलेली असते.

जवळच वेलाचेरी मेन रोडवर 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' आहे. कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ मध्ये सुरू केलेली संस्था. मद्रास महापालिका तेव्हा भटकी कुत्री मारायची, तरी ती कमी होत नव्हती. एक गेलं की त्या जागी दुसरं यायचं, तेही बिनलशीचं! संस्थेने १९६४ पासून नसबंदीचा आग्रह धरला. पालिकेला पटायला मात्र अनेक वर्षं लागली.

म्हणूनच नसबंदीनंतर कुत्रा त्याच गल्लीत परत सोडतात. पण लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. कुत्रा चावलाच, तर कान बघत बसू नका. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.