घाटातील आगगाडी आणि घर्षणाचे उपकार

घर्षण म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे झीज उभी राहते. बैलगाडीच्या आखाला वंगण घालावे लागते, करकरणाऱ्या बिजागरीत तेल सोडावे लागते, यंत्राचे भाग घासून निकामी होतात. यास्तव घर्षण हा गतीचा वैरी होय, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे सत्य पाहावयाचे असेल तर एखादा रेल्वेचा घाट पाहावा.

कॅसलरॉकहून गोव्यातील कुळे स्थानकाकडे उतरणारा लोहमार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. दूधसागराच्या धबधब्याजवळून जाणारा हा मार्ग पोर्तुगीज अमदानीत, १८८८ साली, मुरगाव बंदराशी जोडला गेला. सुमारे २६ किलोमीटरांच्या या घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. पायी चालणाऱ्यास हा चढ फारसा जाणवणार नाही. आगगाडीस मात्र तो डोंगराएवढा आहे.

इंजिनासह १००० टन वजनाची एक गाडी घेऊ. सपाट भूमीवर ती चालू ठेवण्यास अवघ्या अडीच-तीन टनांची ओढ पुरते, कारण पोलादी रुळावर फिरणाऱ्या पोलादी चाकाला विरोध फार अल्प असतो. त्याच गाडीला ३७ स १ या चढावर गुरुत्वाकर्षण १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टनांच्या जोराने मागे खेचू लागते. एवढा थोडा चढ, आणि ओढ दसपट वाढली!

आता ही ओढ इंजिनाने द्यावयाची कशाच्या आधाराने? इंजिनाची शक्ती कितीही असो, चाक रुळाला धरून राहिले तरच गाडी पुढे जाते. आणि ही धर म्हणजेच घर्षण. कोरड्या रुळावर ही धर इंजिनाच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी असते. १२० टनांचे इंजिन असेल तर ती सुमारे ३० टन झाली. म्हणजे काम कसेबसे निभेल. परंतु आषाढातल्या पावसात रूळ ओला झाला, त्यावर पालापाचोळा पडला, की धर दहाव्या हिश्शाइतकी, १२ टनांवर येऊ शकते. मग चाके जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी हलत नाही. म्हणूनच घाटात गाडीला अधिक इंजिने जोडतात आणि घसरणाऱ्या चाकांपुढे रुळावर वाळू सोडतात. ज्या घर्षणाला आपण दूषणे देतो, ते येथे मुद्दाम विकत घ्यावे लागते.

चढापेक्षाही उतार अधिक कठीण. ब्रेक मुळीच न लावता हीच गाडी या उतारावर सोडली, तर पहिल्या किलोमीटरअखेर तिचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर होईल आणि दुसऱ्याअखेर ११० च्या पुढे जाईल. गाडी जड असो वा हलकी, या हिशेबात फारसा फरक पडत नाही. गुरुत्वाकर्षण जड वस्तूला अधिक जोराने ओढते खरे, पण तिला हलविण्यास जोरही तितकाच अधिक लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून या गतीचे नियम शोधले आणि १६३८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

वेग बांधून ठेवण्याचे काम ब्रेकच्या घर्षणाचे. परंतु येथे वजनाचा हिशेब द्यावाच लागतो. १००० टनांची गाडी १ मीटर खाली आली की जी ऊर्जा मोकळी होते, ती बहुतेक सारी ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. तेवढ्या उष्णतेने सुमारे ३० लिटर थंड पाणी उकळीस येईल. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरताना एवढी उष्णता दर साडेचार सेकंदांना निर्माण होते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड ढिली होते. उलट, ते एकदम करकचून दाबले तर चाक फिरायचे थांबून रुळावर घसरू लागते. आणि घसरत्या चाकाची धर फिरत्या चाकाहून कमी असते. म्हणून गाडीचा वेग आधीच आवरून धरणे, हाच खरा उपाय. तोही फसला तर अखेरचा आधार म्हणून घाटमार्गांवर चढत जाणारी एक आडवी लोहवाट ठेवतात. बेफाम सुटलेली गाडी तीवर वळवली की तेच गुरुत्वाकर्षण तिला मागे खेचून थांबविते.

चोर्ला अथवा अनमोड घाट उतरणाऱ्या मालमोटारीसही हेच नियम लागू आहेत. ८ टनांची रिकामी गाडी आणि १६ टनांची भरलेली गाडी एकाच उतारावर सारख्याच त्वरेने धावू पाहतात. पण भरलेल्या गाडीच्या ब्रेकना दुप्पट उष्णता सोसावी लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक याच कारणाने शहाणपणाचा आहे. कारण तेव्हा इंजिनाचा अंतर्गत विरोध ब्रेकचा भार वाटून घेतो. थोडेसे डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडणारा चालक हा विरोध गमावतो आणि सारा भार तापत्या ब्रेकवर टाकतो. वाचेल असे वाटणाऱ्या डिझेलची किंमत काही रुपये. गाडीत बसलेल्यांच्या जिवाची किंमत कोणी करावी?