डिजिटल म्हणजे बोटाचं!

गटाच्या बैठकीत हल्ली ‘डिजिटल’ हा शब्द सारखा कानावर पडतो. डिजिटल व्यवहार, डिजिटल सातबारा, डिजिटल दाखला. लगेच कुणीतरी म्हणते, “ते शिकलेल्यांचं काम, बाई! आपल्याला नाही जमायचं.” म्हणून आज आम्ही या शब्दाचीच गोष्ट सांगणार आहोत.

जुन्या काळी रोममध्ये लॅटिन भाषा बोलत. त्या भाषेत ‘डिजिटस’ म्हणजे बोट. हाताचं काय नि पायाचंही काय! बोटाच्या रुंदीनं ते लोक लांबीसुद्धा मोजायचे. सोळा बोटांचा त्यांचा एक फूट. आपल्याकडे चोवीस अंगुळांचा एक हात धरत, तसंच हे.

मोजायचं म्हटलं की माणूस बोटं पुढे करतो. म्हणूनच इंग्रजीत शून्य ते नऊ या एकेका अंकाला ‘डिजिट’ असं नाव पडलं. पुढे १९४० च्या दशकात अंकांवर चालणारी गणकयंत्रं आली, त्यांना ‘डिजिटल’ म्हणू लागले. आपला मोबाइलही त्याच जातीचा. आपला आवाज, लेकीचा फोटो, आलेला निरोप, हे सगळं तो ० आणि १ या दोनच अंकांत साठवतो. मराठीत डिजिटलला ‘अंकीय’ म्हणतात ते यामुळेच.

आता सांगा, बोटांच्या पेरांवर बाजारहाटाचा हिशेब करणारीला हा शब्द परका कसा?

पण एक गोष्ट लक्षात ठेवू या. पूर्वी कागदावर काय लिहिलंय ते न कळता कितीतरी बायकांनी अंगठे उठवले, आणि जमिनी गेल्या. आता कागदाच्या जागी यंत्र आलंय. त्यावर बोट ठेवण्याआधी रक्कम किती टाकली ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर सोबतिणीला वाचायला सांगा. “बोट लागलं नाही, पुन्हा ठेवा” असं म्हणाले, तर पहिल्या वेळचं काय झालं ते आधी विचारा. पावती मागून घ्या. फोनवर पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितला तर समजा, फसवणूक आहे. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

बोट आपलं आहे, मैत्रिणींनो. ते कुठं टेकवायचं, हेही आपणच ठरवायचं.