पाडापाडीचे दशक : महाराष्ट्र विधानसभा, १९९० ते १९९९

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागलेल्या महाराष्ट्र विधानसभेच्या निकालात २८८ पैकी १३२ जागा भारतीय जनता पक्षाला, ५७ एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला आणि ४१ अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला मिळाल्या. विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष ठरलेल्या उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या वाट्याला २० जागा आल्या, आणि सभागृहाच्या एक दशांश सदस्य असल्याशिवाय विरोधी पक्षनेतेपद देता येत नाही या संकेतावर बोट ठेवून, निकालाला वर्ष उलटून गेले तरी ते पद रिकामेच ठेवण्यात आले. ज्या सभागृहात १९६२ साली २६४ पैकी २१५ आमदार काँग्रेसचे असताना अवघ्या १५ आमदारांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते म्हणून बसत, त्याच सभागृहाला आता २० हा आकडा अपुरा वाटावा, ही गोष्ट मागील निकालांकडे पुन्हा पाहण्यास पुरेसे कारण ठरते.

१९६२ ते १९७२ या काळातील निवडणुकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. काँग्रेसची उमेदवारी हाच निम्मा निकाल असे आणि खरी चुरस मतदानाआधी, तिकीटवाटपातच संपे. १९७८ मध्ये जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या, फुटलेल्या काँग्रेसच्या दोन्ही गटांनी मिळून सरकार बनवले आणि ते काही महिन्यांतच पाडून शरद पवार यांनी पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आणले; परंतु १९८० मध्ये हे सरकार बरखास्त झाले आणि त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत काँग्रेस पुन्हा सुखाने बहुमतात आली.

घडी विस्कटली ती १९९० मध्ये. काँग्रेसला १४१ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला चार कमी; शिवसेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार निवडून आले आणि प्रथमच विरोधी बाकांवर उद्याचे सरकार म्हणून पाहावे असा गट बसला. मनोहर जोशी विरोधी पक्षनेते झाले. १९९१ च्या अखेरीस छगन भुजबळ अनेक आमदारांसह शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हा सेनेचे संख्याबळ भाजपच्या खाली घसरले आणि ते पद गोपीनाथ मुंडे यांच्याकडे गेले. मुंडे यांनी ते कसे वापरले हे नव्या पिढीच्या आमदारांनी अभ्यासावे असे आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, राजकारणाचे गुन्हेगारीकरण, एन्रॉनचा वीज करार आणि २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारींच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत गेलेले ११४ जीव, यांपैकी प्रत्येक प्रश्नावर सरकारला जाब विचारला गेला आणि सरकारला उत्तर देणे भाग पडले. त्या काळच्या विरोधकांची भाषा अनेकदा अतिरंजित होती, ट्रकभर पुराव्यांची घोषणा पुरावे येण्याआधीच गाजत असे, हेही नोंदवले पाहिजे. तरीही आजच्या सामसुमीपेक्षा तो गोंगाट परवडला.

फेब्रुवारी आणि मार्च १९९५ मध्ये झालेली निवडणूक ‘भगवी लाट’ म्हणून सांगितली जाते आणि ती तशीच पाठ्यपुस्तकी होऊन बसली आहे. आकडे वेगळेच सांगतात. शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या, काँग्रेस ८० वर आली. पण मतांचा हिशेब मांडला तर काँग्रेसला ३१ टक्के आणि शिवसेना-भाजप युतीला एकत्रितपणे २९ टक्क्यांच्या आसपास मते पडली होती. १९९० च्या तुलनेत युतीची मते जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढली आणि काँग्रेसची सात टक्क्यांनी घटली. ही घटलेली मते गेली अपक्षांकडे: त्यांना जवळपास चोवीस टक्के मते आणि ४५ जागा मिळाल्या, आणि त्यांतील बरेच जण तिकीट नाकारलेले काँग्रेसजनच होते.

या बंडखोरीचे यंत्र कसे चालत होते हे समजल्याशिवाय त्या निकालाचा अर्थ लागत नाही. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, खरेदी-विक्री संघ आणि शिक्षणसंस्था ज्याच्या हाती, त्याला निवडणूक लढवण्यासाठी पक्षाची गरज फारशी उरत नसे. कारखान्याचे सभासद हेच त्याचे मतदार आणि कारखान्याच्या जीपगाड्या हाच त्याचा प्रचार. एका तालुक्यात असे दोन गट असले आणि तिकीट एकाला मिळाले, की दुसरा उघड अपक्ष उभा राही किंवा आतून विरोधकाला मदत करी, आणि यालाच गावोगावी पाडापाडी किंवा जिरवाजिरवी म्हणत. राज्यभर साडेचार हजारांहून अधिक उमेदवार उभे असल्याने कागदी मतपत्रिका काही मतदारसंघांत वर्तमानपत्राच्या पानाएवढी लांब झाली आणि तिच्यावर फुलीचा शिक्का नेमका कोठे मारायचा हे कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन शिकवावे लागले. त्यातच मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आचारसंहितेचा बडगा उगारला होता. भिंती रंगवण्यावर आणि रात्री उशिरापर्यंत कर्णे वाजवण्यावर बंधने आल्याने प्रचाराचा जुना थाट ओसरला, तरीही मतदान ७१ टक्क्यांवर गेले. लातुरात काँग्रेसचे विलासराव देशमुख पडले. सांगोल्यात गणपतराव देशमुखांसारखा, ज्याचा पराभव कोणी गृहीत धरला नव्हता असा शेकापचा नेता पडला.

१४ मार्च १९९५ रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. या सरकारकडे स्वतःचे बहुमत नव्हते. १३८ च्या पुढची संख्या अपक्षांची होती, आणि काँग्रेसचे जे बंडखोर प्रचारात युतीवर तोंडसुख घेत होते त्यांतील काही जण पुढे मंत्रिपदावर बसले. मतदाराने ज्याला काँग्रेसचा म्हणून मत दिले तो युतीच्या सरकारात लाल दिव्याच्या गाडीतून फिरू लागला, आणि याला पक्षांतर म्हणण्याची सोय कायद्यात नव्हती, कारण अपक्षाला सोडण्यासाठी पक्षच नसतो. अलीकडच्या फाटाफुटींवर अश्रू ढाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तेव्हा ही व्यवस्था स्थैर्य म्हणून वाखाणली होती.

१९९९ ने त्यावर कळस चढवला. सोनिया गांधी यांच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर शरद पवार यांनी जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली. युतीने मुदतीआधीच, लोकसभेबरोबर विधानसभेची निवडणूक घेण्याचा डाव टाकला आणि दोन्ही काँग्रेस गावोगावी एकमेकींविरुद्ध लढल्या. काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८, शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा मिळाल्या. फुटलेल्या दोन काँग्रेसची मते मिळून पन्नास टक्क्यांच्या घरात जात होती आणि युतीची बत्तीसच्या, त्यामुळे पराभव युतीचाच होता यात शंका नाही; परंतु दोन्ही काँग्रेसनी मतदारांसमोर जे भांडण मांडले होते ते निकालानंतर दहा-बारा दिवसांत गुंडाळून ठेवले. युतीतील दोन पक्ष मुख्यमंत्रिपदावरून एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, तोवर १८ ऑक्टोबरला, १९९५ च्या पराभवातून सावरून निवडून आलेले विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि शेकाप, जनता दल यांसारखे छोटे पक्ष सत्तेच्या पंगतीला बसून आपली विरोधाची जुनी जागा हरवून बसले. शेकापचे आमदार १९८५ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६ आणि १९९९ मध्ये ५ झाले. २०२४ मध्ये पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तोही सांगोल्यातून, गणपतरावांच्या नातवाच्या रूपाने.

निकालातील क्रमांकापेक्षा नंतरची बोलणी वजनदार, हा धडा सर्व पक्षांनी त्या ऑक्टोबरात गिरवला, आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या तेव्हा त्याचा उपयोगही झाला: मोठ्या पक्षाने मुख्यमंत्रिपद काँग्रेसला सोडले आणि त्या बदल्यात मंत्रिमंडळातील जादा जागा पदरात पाडून घेतल्या.