साखळी ते घडी : १९५१ ते २०२४

प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांना ठरावीक क्रम असतो, हेच एके काळी अनेक रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. प्रथिन म्हणजे मिळत्याजुळत्या रेणूंची सरमिसळ, असे मानणारे बरेच होते. १९५१ ते १९५५ या काळात केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्या, एक ३० अमिनो आम्लांची आणि दुसरी २१ची, तुकडे करकरून वाचल्या आणि तो वाद संपवला. क्रम ठरलेला असतो आणि तो चुकून चालत नाही.

पण क्रम कळला म्हणजे आकार कळला असे नाही. १९५१मध्येच लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी साखळी मळसूत्रासारखी कशी वळते ते मांडले. दोन अमिनो आम्ले जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि जो बंध तयार होतो तो ताठ असतो. साखळी वळते ती त्याच्या दोन बाजूंना. ही वळणे कोणत्या कोनांत शक्य आहेत आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात, याचा हिशेब १९६३मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मांडला. आजही प्रथिनाची नवी रचना तपासताना ‘रामचंद्रन आलेख’ काढतात. रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही. मिळायला हवे होते, असे माझे मत.

माझ्या लेखी या साऱ्या काळातला सर्वांत देखणा प्रयोग ख्रिश्चन अँफिन्सेन यांचा. अंडे उकडले की पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांची घडी मोडते आणि अंडे थंड केले तरी ती परत पडत नाही. अँफिन्सेन यांनी घेतले रिबोन्यूक्लिएझ हे प्रथिन, १२४ अमिनो आम्लांचे. त्यात गंधकाचे चार पूल असतात. युरिया आणि दुसऱ्या एका रसायनाने त्यांनी ते पूल तोडले, घडी पार उलगडली. मग दोन्ही रसायने काढून टाकून द्रावण हवेत ठेवले. गंधकाच्या आठ टोकांच्या जोड्या १०५ प्रकारे जुळू शकतात. जुळल्या त्या नेमक्या मूळच्याच, आणि प्रथिन पुन्हा काम करू लागले. उलट युरिया असतानाच पूल जुळू दिले, तर जोड्या वाटेल तशा लागत आणि प्रथिन जवळपास निकामी राहत असे. म्हणजे आकाराची आज्ञा क्रमातच असते. १९७२चे नोबेल या कामाला मिळाले.

सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९मध्ये पेच टाकला: साखळी एकेक आकार चाचपत बसली, तर विश्वाचे वयही पुरणार नाही, प्रत्यक्षात अनेक प्रथिनांची घडी सेकंदाच्या आत पडते. पुढे पेशीत घडी पडायला मदत करणारी प्रथिनेही सापडली.

१९९४पासून दर दोन वर्षांनी आकार ओळखण्याची स्पर्धा भरू लागली. बरीच वर्षे निकाल यथातथाच. २०२०मध्ये ‘अल्फाफोल्ड’ या संगणक प्रणालीने बहुतेक आकार प्रयोगाच्या तोडीचे सांगितले आणि २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्याकडे गेले. कौतुक रास्तच. पण ही प्रणाली शिकली ती १९७१मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या आणि तोवर सुमारे १.७ लाखांवर पोहोचलेल्या सार्वजनिक संग्रहावर, म्हणजे क्ष-किरणांपुढे स्फटिक धरून बसलेल्या हजारो संशोधकांच्या कष्टांवर. शिवाय ती सांगते तो शेवटचा आकार. साखळी तिथवर कोणत्या वाटेने जाते, हा लेव्हिन्थाल यांचा प्रश्न तिने सोडवलेला नाही.