पाळीचे दुखणे आणि रक्तातल्या खुणेचा शोध

पाळी आली की लेक पोट धरून कोपऱ्यात पडते, शाळा बुडते. आई म्हणते, “मलाही असेच व्हायचे, लग्न झाले की थांबेल.” लग्न होते, दुखणे थांबत नाही. पुढे दिवस जात नाहीत, तेव्हा बोल तिलाच लागतो. आपल्या वस्त्यांत हे घराघरांतले आहे. म्हणून आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत: जे दुखणे शाळेला, कामाला जाऊ देत नाही, ते ‘बाईला असायचेच’ म्हणून सोडू नका. त्यामागे आजार असू शकतो.

त्या आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. पिशवीच्या आत जसे अस्तर असते, तसाच थर पिशवीबाहेर वाढतो. तो अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यांजवळ कुठेही असू शकतो. त्यामुळे सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत असह्य कळा, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखणे, मूल न राहणे ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळीच्या वयातल्या दर 10 स्त्रियांमागे साधारण एकीला हा आजार असतो; जगात सुमारे 19 कोटी जणींना. तरीही आजाराचे नाव कळायला कित्येक वर्षे जातात.

उशीर का होतो? एक कारण, दुखणे कोणी मनावर घेत नाही. दुसरे, सोपी तपासणी नाही. सोनोग्राफीत अंडाशयातली मोठी गाठ दिसते, पण बारीक ठिपके सुटतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनने ते दिसतात, पण त्यासाठी भूल, खर्च आणि बुडालेली मजुरी. म्हणून शास्त्रज्ञ रक्तात खूण शोधत आहेत. हृदयविकाराचा झटका आला की रक्तात ट्रोपोनिन नावाचे प्रथिन वाढते आणि एका तपासणीत ते कळते. तसेच एखादे प्रथिन या आजाराचे सापडावे, हा तो शोध.

सीए-125 हे प्रथिन या आजारात वाढते खरे. पण ते पाळीत, गरोदरपणात, पोटाच्या टीबीत आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही वाढते. शिवाय आजार सुरुवातीचा असेल तर अनेकदा वाढत नाही. 2016 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 141 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 15 हजारांहून अधिक स्त्रिया आणि रक्तातल्या 122 खुणा होत्या. दवाखान्यात विसंबून राहावे इतकी पक्की एकही ठरली नाही.

शोध थांबलेला नाही. आपल्या मुंबईत, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही यावर काम झाले आहे. या आजारात शरीर स्वतःच्याच काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तीच खूण म्हणून चालतील का, हे तिथल्या संशोधकांनी तपासले व 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. ऑस्ट्रेलियात 10 प्रथिने एकत्र मोजण्याच्या तपासणीवरही काम झाले आहे. एका प्रथिनावर भागत नाही, हे आता कळले आहे.

मग आज काय करायचे? सीए-125 ‘नॉर्मल’ आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. तो वाढला म्हणून लगेच कॅन्सरही ठरत नाही. ‘या एका रक्ततपासणीने एंडोमेट्रिओसिस नक्की कळेल’ असे कोणी सांगितले, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

आणि पिशवी काढायची घाई करू नका. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. दुखण्याचे कारण न शोधता पिशवी काढणे हा उपाय नव्हे. या आजारात तर थर पिशवीबाहेर असतो. पिशवी गेली तरी दुखणे राहू शकते.

आजार कायमचा बरा करणारे औषध अजून नाही. पण वेदनाशामक गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या आणि गरजेप्रमाणे ऑपरेशन यांनी आराम पडतो. दुर्बिणीने खात्री होईपर्यंत थांबावे लागत नाही. लक्षणांवरूनही डॉक्टर उपचार सुरू करू शकतात.

तीन महिने वहीत लिहा: पाळीची तारीख, किती दुखले, कोणते काम बुडाले, कोणती गोळी घेतली. ती वही घेऊन सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा आणि थेट विचारा, “डॉक्टर, हा एंडोमेट्रिओसिस असू शकतो का?” सोबत आशाताईंना न्या. घरातल्या पुरुषांनीही हे पान वाचावे आणि लेकीचे, सुनेचे दुखणे खरे मानावे. रक्तातली खूण सापडेल तेव्हा सापडेल. तोवर तिचा शब्द हीच पहिली खूण आहे.