रायपूर पूर्वेला, नागपूर पश्चिमेला

नकाशावर दुर्ग-भिलाई ही जोडशहरं शोधा आणि त्यातल्या मोहन नगरावर बोट ठेवा. आता बोट सरळ उजवीकडे न्या, पस्तीसेक किलोमीटरवर रायपूर लागेल. तसंच सरळ डावीकडे न्या, सव्वादोनशे किलोमीटरवर नागपूर. तिन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर, 21 अंशांच्या किंचित वर, एका दोऱ्यात ओवल्यासारखी. आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांना आकाशवाणी. नागपूर केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं, रायपूर केंद्र 2 ऑक्टोबर 1963 ला. मध्यम लहरींवर वर्षानुवर्षं रायपूरचा मुक्काम 981 किलोहर्ट्झवर आणि नागपूरचा 585 वर. इथल्या मराठी घरात काटा थोडा फिरवला की भाषा बदलायची. एका जागी छत्तीसगडी ददरिया, दुसऱ्या जागी मराठी भारूड.

या सरळ रेषेतून एक गंमत निघते, आणि ती घरातल्या ट्रान्झिस्टरवर करून बघता येते. छोट्या संचाच्या पोटात, त्याच्या लांबीच्या दिशेनं, फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मध्यम लहरी झेलते ती ही कांडी. बाहेर ओढायची चकचकीत नळी या कामाची नाही. कांडीची कूस केंद्राकडे असली की आवाज भरून येतो, टोक केंद्राकडे वळलं की तो बुडत जातो. एरवी एक केंद्र नीट लागावं म्हणून संच असा फिरवावा, दुसऱ्यासाठी तसा. मोहन नगरात मात्र एक केंद्र नेमकं पूर्वेला आणि दुसरं नेमकं पश्चिमेला. संच दक्षिणोत्तर ठेवला की दोघांनाही कूस मिळते. काटकोनात वळवला की दोघंही एकदम मंदावतात. छत्तीसगडी आणि मराठी या दोन्ही भाषांसाठी टेबलावरची जागा एकच!

आता वेगाचा हिशेब करू. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते आणि आवाज हवेतून साधारण 340 मीटर. रायपूरच्या स्टुडिओत गायिकेनं स्वर लावला. तो लहरीवर बसून दुर्गला पोचला, तेवढ्या वेळात स्टुडिओतल्या हवेत तिचा आवाज किती पुढे सरकला असेल? जेमतेम दोन बोटं. नागपूरहून लहर इथवर येईपर्यंत एक वीतभर. दूर आणि जवळ या शब्दांचा अर्थच इथे उलटा होतो. खुल्या मैदानात मंचापासून तीस-चाळीस मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानावर स्वर पडायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. थेट प्रसारण चालू असेल, तर मोहन नगरात रेडिओजवळ बसलेल्या माणसाला तो स्वर मैदानातल्या माणसाच्या आधी ऐकू येतो.

पण मला याहून मोठं नवल वाटतं ते गळ्याचं.

मध्यम लहरींची वाट अरुंद आहे. आपल्याकडे दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर राखतात. शेजारच्याच्या हद्दीत शिरायचं नाही म्हटलं की सेकंदाला साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचं बहुतेक सगळं गाळावं लागतं. मंजिऱ्यांची चमचम, टाळांच्या कडेची धार, गायकाच्या ‘स’मधला वारा, सगळं चाळणीत अडकतं. खालची बाजूही सुटत नाही, कारण तीन इंची कर्ण्याला मांदर या ढोलाचा खोल ठोका पेलतच नाही. तरी ठोका आपल्याला ऐकू येतो. मूळ खालचा स्वर गळाला, पण त्याचे वरचे उपस्वर आले, आणि मेंदूनं त्यांच्यामधल्या समान अंतरावरून मूळ स्वर ताडला. कर्ण्यातून जो बाहेरच पडलेला नाही, तो स्वर आपण ऐकत असतो.

अशा चाळणीतून काय सुखरूप पार होतं? शेतातला गळा. ददरिया हे शेतात काम करताना म्हणायचं दोन ओळींचं गाणं. एका बांधावरून सवाल, पलीकडच्या बांधावरून जबाब. मधे वारा, बैलांच्या घंटा, माणसांची हाकाटी. तिथे पुटपुटून भागत नाही. गळा मोकळा सोडून, स्वर ताणून फेकावा लागतो. असं गाताना आवाजाचा बराच जोर दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात जातो. आणि आपला कान नेमका तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. एवढ्या नळीत तीन हजारांच्या आसपासची कंपनं आपोआप घुमतात. बांधापलीकडे पोचण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेला गळा आणि कागदावर आखलेली अरुंद मध्यम लहर या दोघांची गाठ या पट्ट्यात पडते. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात ददरिया नव्हता आणि गाणाऱ्यांच्या मनात यंत्र नव्हतं. हे जुळणं मला अतिशय सुंदर वाटतं.

हीच गाठ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातही पडली होती. तिथल्या एका विमा कंपनीनं 1925 मध्ये डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र काढलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डोंगराळ मुलखातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा शनिवारचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावानं गाजला. केंटकीचा बिल मन्रो 1939 मध्ये त्यात आला. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्याच्या नावावरून एका संगीतप्रकारालाच ब्लूग्रास म्हणू लागले. 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो छेडत त्या ताफ्यात सामील झाला. मन्रोचा उंच, ताणलेला गळा आणि बँजोचा टणत्कार, दोन्ही मध्यम लहरीच्या चाळणीतून धारेसह पार होणारे. ताफ्याला मायक्रोफोन बहुधा एकच. ज्याची पाळी त्यानं पुढे यायचं, वाजवून झालं की मागे सरायचं. आवाजाचा मेळ पावलांनी साधायचा.

आपल्याकडे रायपूर केंद्राच्या ‘चौपाल’ या कार्यक्रमातून बरसाती भैया, म्हणजे केसरीप्रसाद वाजपेयी, लोकांशी त्यांच्याच छत्तीसगडीत बोलत. बाजाराच्या आणि घरच्या बोलीला रेडिओवर मान मिळाला, ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही. दुर्गजवळच्या बघेरा गावात 7 नोव्हेंबर 1971 ला दाऊ रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ हा गाण्यांचा खेळ रंगमंचावर आणला. गीतं लक्ष्मण मस्तुरियांची, संगीत खुमानलाल सावांचं. देशमुख हे आडनाव ऐकून मराठी कान टवकारतोच, आणि 1741 पासून 1854 पर्यंत या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता हे आठवतं. त्या मंचावरची गाणी मग रेडिओनं घरोघर नेली.

भिलाईच्या शेजारीच गनियारी गाव आहे. 1956 साली तिथे तीजनबाईंचा जन्म झाला. त्या पंडवानी गातात, म्हणजे महाभारताची कथा गाऊन सांगतात. पंडवानीच्या वेदमती शैलीत बसून गातात, कापालिक शैलीत उभं राहून, अंगाभिनयासह. बायकांनी बसूनच गावं अशी रीत असताना त्या तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या. तोच तंबुरा घटकेत भीमाची गदा, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. रेडिओवर यातलं काहीच दिसत नाही, मग उरतं काय? उरतो ‘रागी’. पंडवानीत मुख्य गायकाशेजारी बसून हुंकार भरणारा, मधेच “मग काय झालं?” असं विचारणारा, नवल करणारा हा साथीदार. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांना ओळखणाऱ्या मराठी माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. मैदानात रागी हा श्रोत्यांचा पुढारी असतो. रेडिओवर तो आणखी एक काम करतो. समोर माणसंच नसलेल्या बंद स्टुडिओत कुणीतरी ऐकतंय, एवढं तो गाणाऱ्याला सांगत राहतो. आणि स्वयंपाकघरात एकटीनं ऐकणारीलाही त्याचा हुंकार आपलाच वाटतो. छत्तीसगडीत हो म्हणायला ‘हव’ म्हणतात, नागपूरकडे ‘हाव’. काटा 981 वरून 585 वर आणला तरी होकार जवळजवळ तोच.

सूर्य मावळला की आणखी एक दार उघडतं. दिवसा ऊन हवेच्या वरच्या थरात, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, विद्युतकणांचं एक पटल उभं करतं आणि वर गेलेल्या मध्यम लहरी त्यात जिरतात. अंधार पडला की ते पटल विरतं. मग लहरी त्याहून वरच्या थरांपर्यंत पोचून पुन्हा जमिनीकडे वळतात. नॅशव्हिलचं गाणं रात्री शेकडो किलोमीटर दूरच्या राज्यांत ऐकू यायचं, ते याच वाटेनं. मोहन नगरात रायपूर एवढं जवळ की त्याला रात्रीचा फारसा फरक पडत नाही. नागपूरचा आवाज मात्र आता दोन वाटांनी येतो. एक जमिनीला धरून, दुसरी आभाळाला शिवून, कितीतरी लांबच्या वळशानं. कधी दोन्ही लहरी तालात भेटतात आणि आवाज दाटून येतो, कधी विरुद्ध पावलानं येतात आणि तो विरघळतो. भारूड रंगात आलेलं असतं, हळूहळू कुठेतरी आत ओढलं जातं, आणि हात काट्याकडे जायच्या आत पुन्हा खोलीत येऊन उभं राहतं.