वडापाव विक्रीच्या साखळ्या

वडापाव एकाच नावाखाली व ठरावीक पद्धतीने विकणाऱ्या दुकानांची मालिका. मुंबईत दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापावचा प्रारंभ केला, असे मानले जाते. उभ्याउभ्या खाता येणारा हा स्वस्त पदार्थ गिरणी कामगार व लोकलचे प्रवासी यांत लोकप्रिय झाला. मात्र गाडीगणिक त्याचा आकार व चव बदलत असे. धीरज गुप्ता यांनी २००१ मध्ये मालाड येथे सुरू केलेल्या दुकानातून ‘जम्बोकिंग’ ही साखळी उभी राहिली. २००४ मध्ये कल्याण येथे ‘गोली वडापाव’चा आरंभ झाला. दोन्ही साखळ्यांचा विस्तार मुख्यत्वे फ्रँचाइझी पद्धतीने झाला. तीत मूळ कंपनी नाव, कृती व माल पुरविते. दुकानदार भांडवल घालून शुल्क देतो. ‘गोली’चे वडे कारखान्यात यंत्राने घडवून गोठविले जातात व दुकानात केवळ तळले जातात. त्यामुळे कुशल आचाऱ्याची गरज उरत नाही व चव एकसारखी राहते. तथापि जागाभाडे, शीतसाठवण व वाहतूक यांचा खर्च वाढतो. गाडीवाल्यावर हा भार नसल्याने त्याची स्पर्धा टिकून आहे. पुढे ‘जम्बोकिंग’ने भारतीय चवीच्या बर्गरवर भर दिला.